घोड्याचा तंग कसा निवडावा?

मंडळी, बहरीनमध्ये हवा जरा गार झाली की आपल्यातली बरीच मुले सार, बुदैया भागातल्या तबेल्यांत घोडेस्वारी शिकायला जातात. हेल्मेट आणि बूट आपण हौसेने घेतो. पण खोगीर ज्या पट्ट्याच्या जोरावर घोड्याच्या पाठीवर टिकते, त्या तंगाकडे सहसा कोणी बघत नाही. तो सैल पडला किंवा त्याची शिवण उसवली, तर खोगीर स्वारासकट एका बाजूला फिरते.

तंग हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. इंग्रजी खोगिराला तो बकलांनी लावतात, त्याला गर्थ म्हणतात. अमेरिकन वेस्टर्न खोगिराच्या तंगाला दोन्ही टोकांना कड्या असतात आणि तो वादीने बांधतात. तोच सिंच. अरबीत सरळ हिझाम, म्हणजे पट्टा.

माप घेताना घोड्यावर खोगीर आणि खालचे कापड दोन्ही ठेवावे. एका बाजूच्या वादीच्या मधल्या भोकापासून पोटाखालून दुसऱ्या बाजूच्या मधल्या भोकापर्यंत टेप धरावी. लावल्यावर दोन्हीकडची बकले सारख्या उंचीवर यावीत आणि वर-खाली दोन-दोन भोके शिल्लक राहावीत. आखूड तंगाचे बकल घोड्याच्या कोपराला लागत असेल तर तो घेऊच नये. अरबी घोड्याची पाठ आखूड आणि बरगड्या गोल असतात, त्यामुळे खोगीर पुढे खांद्यावर सरकते. अशा घोड्याला कोपरामागे खोलगट कापलेला तंग बरा पडतो.

खरी गोम आहे ती कापडात. इथला दमट उन्हाळा, घाम आणि बारीक वाळू हे तिन्ही एकत्र आले की कातडी सोलून निघते. निओप्रीन धुवायला सोपे, पण त्यातून हवा खेळत नाही आणि खाली घाम साचतो. सुती किंवा मोहेरच्या (अंगोरा बकरीच्या केसांच्या) दोऱ्यांचा तंग घाम शोषतो, म्हणून माझी पसंती त्याला. चामडे उत्तम, पण रोज पुसायला हवे, नाहीतर घामाच्या क्षाराने ते कडक होते. साखीरला एन्ड्युरन्सच्या लांब शर्यती होतात. अशा शर्यतींत प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोडा तपासतात आणि तंगाखालच्या जखमाही पाहतात. दुखावलेल्या घोड्याला तिथेच थांबवले जाते.

एकाच टोकाला इलॅस्टिक असलेला तंग टाळावा, ओढ एकाच बाजूला पडते. दोन्ही टोकांना इलॅस्टिक असेल तर तो नकळत जास्त आवळला जातो. नाव तंग असले तरी आवळण्याला मर्यादा आहे! फार घट्ट तंगाने शर्यतीचा घोडा लवकर दमतो, असे चाचण्यांत दिसले आहे. दोन बोटे सपाट आत जातील इतपत पुरे. एका झटक्यात ओढू नये, नाहीतर घोडा पुढच्या वेळी चावायला धावतो. हळूहळू एकेक भोक चढवावे, मग पुढचे पाय एकेक करून पुढे ओढावेत म्हणजे कातडीच्या घड्या सुटतात. स्वार होण्याआधी आणि पाच-दहा मिनिटे चालवल्यावर पुन्हा तपासावे. खोगीर चढवताना बरेच घोडे पोट फुगवतात.

शिकवणीच्या तबेल्यात एकच तंग चार घोड्यांना लावतात. त्यातून नायटा पसरतो, आणि तो घोड्यावरून मुलांनाही होतो. मूल नियमित जाणार असेल तर तंग वेगळा ठेवता येईल का, हे तबेल्यात विचारून घ्यावे. तो दर वेळी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा आणि बकलाजवळची शिवण बोटाने ओढून पाहावी.