वसईच्या घंटा

वज्रेश्वरीचं देऊळ लांबून पाहिलं तर किल्लाच वाटतो. दगडी तट, दारावर नगारखाना, चढायला ५२ पायऱ्या. देवळाला हे रूप नवसातून आलं. पोर्तुगीज अमलात देवीचं गुंज गावचं मूळ ठाणं पाडलं गेलं आणि देवी तानसा नदीकाठच्या वडवलीला आली, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पांनी तिला नवस बोलला: गड हाती आला तर तुझं देऊळ गडासारखंच बांधीन. १७३७ साली सुरू झालेली मोहीम दोन वर्षं चालली. शेवटी तटाखाली सुरुंग पेरावे लागले, माणसं पडली, आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. अप्पांच्या हुकमावरून सुभेदार शंकराजी केशव फडके यांनी देऊळ उभं केलं.

माझ्या आजीनेही याच देवीला घंटा बांधली होती. वडिलांचा टायफॉइड उतरला म्हणून. खणानारळाची ओटी आणि बाजारातून आणलेली पितळी घंटा, साखळीसकट. नवस फेडायला उशीर करायचा नाही, एवढं ती पुन्हापुन्हा सांगे.

मराठ्यांनीही विजयानंतर देवांना घंटाच वाहिल्या. वसई आणि साष्टीच्या चर्चांच्या मनोऱ्यांतून त्या उतरवल्या आणि घाट चढवून लांब लांब नेल्या. कांस्याचं एवढं ओतकाम तोफेसाठीही वितळवता आलं असतं, पण ते देवाच्या दारी गेलं. पालीच्या बल्लाळेश्वराला एक घंटा आहे, भीमाशंकरला शनीच्या देवळापुढे एक आहे. नाशिकला गोदाकाठी १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळावर एक आहे; तिच्यावर १७२१ हे साल आहे. गोदावरीचं पाणी त्या घंटेला लागलं की महापूर आला, असं नाशिककर आजही म्हणतात.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती वाईजवळची मेणवलीची. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर, लहानशा दगडी देवळीत ती टांगलेली आहे. जवळ जाऊन बघितलं तर कड्याखाली १७०७ हा आकडा उठावात दिसतो, आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. बोट फिरवलं की तिच्या वस्त्राच्या चुण्या लागतात. ओतणाऱ्या कारागिराचा हात चांगला होता.

ही लूट होती, हे झाकून ठेवू नये. या घंटांच्या नादावर वसईतली हजारो ख्रिस्ती माणसं प्रार्थनेला जमत होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथेच राहतात, आमच्या शेजारी. पोर्तुगीजांनी देवळं पाडली हेही खरं, मराठ्यांनी घंटा उतरवल्या हेही खरं. दोन्ही बाजूंची साक्ष एकाच धातूवर राहिली आहे, म्हणून ती मोलाची.

देवस्थानांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे: या घंटांना रंग देऊ नका, शेंदूर फासू नका, अक्षरं झिजतील असं घासू नका. शेजारी एक पाटी लावा, तिच्यावर साल आणि घंटा कुठून आली ते लिहा. आणि तुम्ही दर्शनाला गेलात तर वाजवण्याआधी घंटेवरचं साल जरूर वाचा.