बाणांनी न मेलेला शिपाई

वसईची लढाई आपण सर्वांनी शाळेत अभ्यासली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंगांनी फोडलेल्या तटात संत सेबास्टियनचा बुरूजही होता. हा सेबास्टियन कोण, असा प्रश्न मात्र वर्गात कोणी विचारला नाही.

परंपरेनुसार तो रोमन सम्राट डायोक्लेशनच्या पदरचा शिपाई, गुप्तपणे ख्रिस्ती झालेला. हे उघडकीस येताच त्याला बांधून बाणांनी विंधण्यात आले. आयरिन नावाच्या विधवेच्या शुश्रूषेने तो वाचला. पळून जाणे शक्य असूनही तो पुन्हा सम्राटासमोर उभा राहिला आणि छळाचा जाब विचारू लागला. तेव्हा त्याला सोट्यांनी ठार मारले. चित्रकारांना बाणच भावले. दुसरे, खरे मरण बाजूला पडले.

इटलीतील इ.स. ६८० च्या साथीपासून लोक त्याला प्लेगमध्ये हाक मारू लागले. १८९८ च्या प्लेगमध्ये आपले बंगळूरही असेच प्लेगम्मेला शरण गेले होते.

वसईच्या तहात पोर्तुगीजांना सन्मानाने जाऊ दिले गेले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मोकळीक मिळाली. सामवेदी, वाडवळी बोलणारी ती कुटुंबे आजही तेथेच नांदतात.