अशोकाचा बारावा शिलालेख

मौर्य सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी परपंथांच्या आदराला वाहिलेला लेख (इ.स.पू. तिसरे शतक). गिरनार, कालसी, येर्रागुडी, मानसेहरा व शाहबाजगढी येथे तो आढळतो. शाहबाजगढीला त्यासाठी स्वतंत्र शिळा वापरली आहे.

अशोक स्वतः बौद्ध उपासक होता. तरीही सर्व पंथांच्या संन्याशांचा व गृहस्थांचा आपण सन्मान करतो, असे तो येथे सांगतो. दान-मानापेक्षा प्रत्येक पंथातील साराची वाढ त्याला मोलाची वाटते आणि तिचे मूळ तो वाणीच्या संयमात पाहतो. आपल्या पंथाची अवास्तव स्तुती आणि प्रसंगाविना दुसऱ्याची निंदा टाळावी. काही कारण असलेच, तर ती सौम्य असावी. भक्तीच्या भरात परनिंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो, हा या लेखातील सर्वांत खोल विचार होय. मतभेद मिटवण्याची अट अशोक घालत नाही. एकमेकांचा धर्म ऐकावा, बहुश्रुत व्हावे, एवढेच तो मागतो.

या कामी धर्ममहामात्र या धर्मविषयक अधिकाऱ्यांसह इतर अधिकारीही नेमले होते. महाराष्ट्रात सोपारा येथे याच चौदा लेखांपैकी आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे मिळाले आहेत.