मोजपट्टी एकच हवी

एकच निबंध दोन परीक्षकांनी तपासला तर गुण सारखे पडतीलच असे नाही, हे शिक्षकांना सांगायला नको. रोगनिदानातही असे घडू शकते. क्षयाचे जंतू थुंकीत दिसतात, मधुमेहात रक्तातली साखर मोजता येते. पण स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, ओळखणारी अशी चाचणी आजही नाही. रुग्णाचे बोलणे, वागणे आणि नातेवाइकांनी दिलेली माहिती यांवरूनच डॉक्टर निदान करतात.

१९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयांत या विकाराचे निदान लंडनपेक्षा कितीतरी अधिक होत असे. मग न्यूयॉर्कमध्ये रुग्णच जास्त होते का? संशोधकांच्या एका गटाने दोन्ही शहरांतल्या रुग्णांना ठरावीक प्रश्न विचारले आणि एकाच निकषाने निदान केले. बहुतेक फरक नाहीसा झाला! तो रुग्णांत नव्हता, डॉक्टरांच्या सवयीत होता. हा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला.

दोन इंग्रजी भाषक शहरांत ही स्थिती, तर जगाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने याच सुमारास नऊ केंद्रे निवडली: आऱ्हूस, आग्रा, काली, इबादान, लंडन, मॉस्को, प्राग, तैपेई आणि वॉशिंग्टन. शीतयुद्धाच्या त्या काळात मॉस्को आणि वॉशिंग्टनचे डॉक्टर एकच प्रश्नावली वापरू लागले, ही गोष्ट लहान नव्हे. लंडनच्या जॉन विंग यांनी विकसित केलेल्या या प्रश्नावलीची हिंदी, योरूबा, स्पॅनिश, रशियन अशा भाषांत भाषांतरे झाली. ती पुन्हा इंग्रजीत आणून अर्थ ढळला नाही ना, हे तपासले गेले. तरीही प्रश्न उरतोच. देवाने दृष्टान्त दिला, असे कोणी सांगितले तर तो भास म्हणायचा की श्रद्धा? इथे शब्दकोश पुरत नाही, तिथल्या समाजाची रीत जाणणारा डॉक्टरच लागतो.

एकूण १,२०२ रुग्ण तपासले गेले. विकाराची मुख्य लक्षणे सर्व केंद्रांत आढळतात, असे १९७३च्या अहवालाने दाखवले. खरा धक्का १९७९ साली बसला. दोन वर्षांनंतरच्या पाहणीत इबादान आणि आग्र्याच्या रुग्णांची प्रगती श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा एकंदरीत चांगली दिसली. दहा देशांतल्या पुढच्या अभ्यासाचा १९९२चा अहवालही त्याच दिशेचा होता.

असे का व्हावे? घरची माणसे सांभाळून घेतात, शेतात किंवा घरात झेपेल ते काम मिळते, असे उत्तर अनेकांनी दिले. काम माणसाला सावरते, हाच व्यवसायोपचाराचा पाया आहे. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू केले होते. पण उत्तर पटण्याजोगे असणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. 'आपली कुटुंबे समर्थ आहेत' असे म्हणत उपचारांकडे पाठ फिरवली, तर भोगावे लागते रुग्णाला आणि बहुधा घरातल्या बायकांना. २००८ साली विक्रम पटेल, आर. तारा आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी गरीब देशांतले अनेक अभ्यास एकत्र तपासले. तेव्हा चित्र इतके सरसकट उजळ नसल्याचे दिसले.

मग पुढची पायरी म्हणजे प्रयोग. तमिळनाडू, गोवा आणि सातारा इथल्या २८२ रुग्णांवर भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून तो केला. काही रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांची मदत मिळाली, इतरांना फक्त नेहमीचे उपचार. २०१४ साली निष्कर्ष आले. वर्षभरानंतर पहिल्या गटात लक्षणे आणि रोजच्या व्यवहारातली अडचण काहीशी कमी झाली होती. फायदा मर्यादित होता आणि तमिळनाडूच्या ग्रामीण भागात सर्वांत ठळक होता. चमत्कार नव्हे, पण शेजारच्या गावात पुन्हा करून पाहता येईल असे हे उत्तर आहे. आग्र्याच्या आकड्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा एक तुकडा साताऱ्यात सुटला. उरलेले तुकडे आज शाळेत शिकणाऱ्यांच्या वाट्याला आहेत.