चाळीसगावचा टांगा आणि सोलापूरची मेट्रो

"सोलापूरला मेट्रो कधी?" हा प्रश्न आता आपल्या तरुणांच्याही तोंडी असतो. भुयारी हवी की रस्त्यावरची हलकी रेल्वे, यावर वाद रंगतो. त्या वादात उतरण्याआधी चाळीसगाव आठवा.

१९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. चाळीसगावपर्यंत रेल्वेने आले. स्टेशनावरून वस्तीत न्यायला मात्र एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा नाही. आपल्यातलाच एक नवखा माणूस हाकायला बसला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. शेकडो मैल रेल्वेने सुखरूप आलेला माणूस शेवटच्या मैलावर जातीने पाडला. वाहतुकीचा न्याय या शेवटच्या मैलावर मोजायचा असतो.

आता मुंबईकडे पाहा. १८७४ साली तिथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ पासून ती विजेवर धावू लागली. बाबासाहेब ज्या परळच्या चाळीत राहत, त्या गिरणगावातूनही ट्राम जाई. रस्त्यावर उभे राहायचे, चढायचे, तिकीट काढायचे. जिना नाही, बोगदा नाही. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. रहदारीला अडथळा होतो, हे कारण सांगितले गेले. रहदारी कोणाची? मोटारवाल्यांची.

साठ वर्षांनी त्याच शहरात कुलाबा ते सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो झाली. खर्च सुमारे ३७ हजार कोटी. भुयाराची बाजूही खरी आहे: दाट वस्तीखालून जाता येते, एका वेळी हजारो माणसे जातात. मुंबईत ती गर्दी आहे. पण नाशिकसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विजेच्या तारांवर, रबरी चाकांवर धावणाऱ्या मेट्रो निओला २,०९२ कोटी जाहीर झाले. लांबी साधारण तेवढीच! म्हणजे मधल्या शहरांना स्वस्त पर्याय आहे, हे सरकारलाही माहीत होते. तरी ती निओ अजून धावलेली नाही.

मग सोलापूरचे काय? कुंभारीत आधी विडी कामगारांची घरकुले झाली. जानेवारी २०२४ मध्ये तिथेच रे नगरच्या १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे तिथे राहायला गेले. घर शहराबाहेर, रोजी शहरात. यांचा शेवटचा मैल कोण जोडणार?

म्हणून आपली मागणी क्रमाने हवी. आधी पहाटेपासून रात्रीपर्यंत वेळेवर धावणारी, परवडणारी सिटी बस आणि तिच्यासाठी राखीव मार्गिका. गर्दी वाढली की त्याच मार्गावर हलकी रेल्वे. भुयार सगळ्यात शेवटी. कारण बोगद्यात पुरलेला पैसा वस्तीपर्यंतच्या बसमधूनच कापला जातो.

नकाशा समोर आला की पहिले बोट आपल्या वस्तीवर ठेवा आणि विचारा: थांबा कुठे आहे?

जय भीम.