अपराधाच्या पायऱ्या

स्त्रीवरील लैंगिक अत्याचाराचा विषय निघाला म्हणजे सुजाण माणसांतही दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, अत्याचार तो अत्याचार. त्यांत अधिक-उणें कसलें? कायद्यानें पायऱ्या पाडल्या कीं खालच्या पायरीवरचें दुःख क्षुद्र ठरलेंच. दुसरा पक्ष विचारतो, ज्या कायद्याला चोरी आणि दरोडा यांतला भेद कळतो त्याला येथेंच भेद कळूं नये काय? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद नुसत्या तर्कानें सुटत नाहीं. विषय अप्रिय खरा. पण ज्या घरांत मुली वाढतात त्या घरांनीं तो टाळून चालत नाहीं. आजवरच्या कायद्यांनीं या पायऱ्या कोणत्या मापानें पाडल्या हें पाहिलें, तर वादाचें स्वरूपच पालटतें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम कौटिल्याकडे वळूं. आपल्याच वर्णाच्या, वयांत न आलेल्या कन्येला भ्रष्ट करणाऱ्याचा हात तोडावा किंवा त्याला ४०० पण दंड करावा, आणि ती मेल्यास त्याला देहान्त द्यावा, असें अर्थशास्त्र सांगतें. कन्या वयांत आलेली असेल तर दोन बोटें किंवा २०० पण. रूपाजीवेवर बळजबरी करणाऱ्याला मात्र अवघे १२ पण. आणि अनेकांनीं मिळून तें केलें तर प्रत्येकास २४. या एका यादींत दोन निरनिराळीं मापें एकमेकांत गुंतलेलीं आहेत. कोवळें वय, मृत्यु, अनेकांनीं मिळून केलेला हल्ला, हें इजेचें आणि क्रौर्याचें माप झालें. परंतु वर्ण कोणता, कुलीन कन्या कीं रूपाजीवा, हें माप इजेचें नव्हे. तें स्त्रीच्या बाजारांतील किंवा कुळांतील किंमतीचें माप होय. पुढचा सारा इतिहास म्हणजे या दोन मापांची ओढाताण आहे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेनें वर्णभेद काढून टाकला, हें तिचें श्रेय. पण तिची शिडी मोठी विचित्र होती. वरच्या पायरीवर बलात्कार. त्याला जन्मठेप काळें पाणी किंवा १० वर्षांपर्यंत कैद. त्याखालीं एकदम स्त्रीचा विनयभंग. त्याला फार तर २ वर्षें कैद, किंवा नुसता दंडही. अत्याचाराचे जे नाना प्रकार या दोहोंच्या मध्यें पडतात त्यांना स्वतःचें असें नांवच नव्हतें. आणि खालच्या पायरीला नांव मिळालें तेंही कशावरून? स्त्रीच्या देहाला वा मनाला झालेल्या इजेवरून नव्हे, तर तिच्या ‘विनया’वरून. याचा परिणाम असा कीं १९६६ सालीं, साडेसात महिन्यांच्या एका बालिकेवरील अत्याचाराच्या खटल्यांत, एवढ्या तान्ह्या जीवाला विनय असतो काय, या प्रश्नाचा खल सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. बहुमतानें उत्तर ‘असतो’ असें आलें, हें सुदैव. पण प्रश्न विचारावा लागला यांतच मापाचा दोष उघड होतो.

दंडसंहितेची दुसरी पायरी विवाहाची होती. परस्त्रीच्या बाबतींत संमतीचा विचार होई. पत्नीच्या बाबतींत तिनें १० वर्षें पुरीं केलीं कीं तो संपे. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणी दासी ही सुमारें ११ वर्षांची मुलगी पतीच्या समागमानें रक्तस्राव होऊन मरण पावली. तिनें दहावें वर्ष ओलांडलेलें, म्हणून बलात्काराची पायरी बंद. तिचा पति हरिमोहन मैती याला निष्काळजीपणानें जबर दुखापत केल्याबद्दल १ वर्षाची सक्तमजुरी झाली. घसरून पडलेल्या विटेनें वाटसरूचें डोकें फुटावें, त्या जातीचा हा अपराध ठरला! या खटल्यानें संमतिवयाच्या कायद्याला जोर आला आणि १८९१ सालीं मर्यादा १२ वर्षांवर गेली. त्या वेळीं महाराष्ट्रांत उडालेलें रण वाचकांस ठाऊक आहेच. परकी सरकारनें आमच्या गृह्य आचारांत हात घालूं नये, असा ‘केसरी’चा आग्रह, मुलींच्या जीवाहून रूढि मोठी नव्हे, असा ‘सुधारका’चा, आणि डॉ. भांडारकर शास्त्राधारानें सुधारणेची बाजू मांडीत होते. टिळकांच्या स्वाभिमानाविषयीं आमच्या मनांत आदर आहे. तथापि त्या वादांत मुलीच्या देहाला काय सोसावें लागलें हा मुद्दा पुष्कळदां मागें पडला, हें कबूल केलेंच पाहिजे.

यानंतर पायरी हटली नाहीं, फक्त सरकली. १९२५ सालीं पत्नीकरितां मर्यादा १३ आणि इतरांकरितां १४ अशी झाली. पण पत्नी १२ ते १३ वर्षांची असेल तर पतीला जास्तींत जास्त २ वर्षें कैद, अशी सवलत सोबतच आली. १९२८ सालीं सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं संमतिवय-समिति बसली. तिनें पत्नीकरितां १५ आणि इतरांकरितां १८ अशी मर्यादा सुचविली, हें त्या काळीं मोठेंच धाडस होय. पण पतीच्या अपराधाला बलात्कार म्हणूं नये, ‘वैवाहिक गैरवर्तन’ म्हणावें, असेंही तिनें सुचविलें. समितीचा हेतु सौम्य नांवानें कठोर सुधारणा लोकांच्या गळीं उतरविण्याचा असावा. परंतु कृत्य तेंच, इजा तीच, आणि नांव मात्र नात्यावरून ठरावयाचें, ही गोष्ट आमच्या मतें पायऱ्यांच्या विरोधकांचें सर्वांत बळकट हत्यार आहे.

मग पायऱ्या मोडूनच टाकाव्या काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. १९७२ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांत देसाईगंजच्या पोलीस-ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. उच्च न्यायालयानें दोघा पोलिसांस दोषी ठरविलें; सर्वोच्च न्यायालयानें, तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहींत अशा कारणांनीं, त्यांस सोडून दिलें. १९७९ सालीं उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहून विचारलें, कीं निमूट शरण जाणें म्हणजे संमति काय? त्यांतून उठलेल्या चळवळीनें १९८३ चा कायदा झाला. ज्याच्या ताब्यांत स्त्री आहे अशा पोलिसानें वा तुरुंगाधिकाऱ्यानें केलेला बलात्कार ही निराळी, वरची पायरी ठरली. साधारण अपराधास किमान ७ वर्षें, तर यास १०. आणि अशा खटल्यांत, संमति नव्हती असें स्त्रीनें सांगितलें तर तें न्यायालयानें गृहीत धरावें, असाही नियम झाला. ही पायरी स्त्री कोण आहे हें विचारीत नाहीं. अपराध्यानें कोणत्या सत्तेचा दुरुपयोग केला हें विचारते. योग्य मापानें पाडलेली पायरी दुर्बळाचें रक्षण कसें करते, याचें हें उत्तम उदाहरण होय.

सर्वांस एकच, आणि तीही अत्यंत कठोर शिक्षा द्यावी, या मताला मॉन्टेस्क्यूनें अठराव्या शतकांतच उत्तर देऊन ठेवलें आहे. लुटारू आणि खुनी यांस सारखीच शिक्षा असलेल्या देशांत लुटारू खूनही करून टाकतो, कारण त्याचें त्यांत अधिक कांहीं जात नाहीं, असें तो म्हणतो. दिल्लीच्या घटनेनंतर बसलेल्या न्यायमूर्ति वर्मा समितीनें २०१३ सालीं बलात्कारास फांशी सुचविली नाहीं. पाठलाग, चोरून पाहणें, बळानें विवस्त्र करणें अशा कृत्यांना त्याच वर्षीच्या कायद्यानें स्वतंत्र नांवें आणि स्वतंत्र शिक्षा दिल्या. दीडशें वर्षें रिकामी असलेली मधली जागा तेव्हां कोठें भरूं लागली. नांव मिळालें म्हणजे दुःख क्षुद्र ठरतें असें नव्हे. उलट ज्याला नांवच नाहीं त्याची फिर्याद तरी कशी करावी?

अर्थात् पायऱ्या चांगल्या असल्या तरी घसरण्याचें भय राहतेंच. २०२१ च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें असा निर्णय दिला, कीं कपड्यावरून केलेला स्पर्श हा बालसंरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याखालील लैंगिक हल्ला नव्हे. आरोपी किमान ३ वर्षांच्या पायरीवरून किमान १ वर्षाच्या विनयभंगावर उतरला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. महत्त्व कातडीच्या स्पर्शाला नसून लैंगिक हेतूला आहे, असें त्यानें सांगितलें. कापडाची जाडी मोजणें हेंही शेवटीं चुकीचेंच माप होय.

आणि जुनें माप अजून गेलेलें नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत बलात्कारास किमान १० वर्षें शिक्षा आहे. पण विभक्त राहणाऱ्या पत्नीवर पतीनें तेंच कृत्य केलें तर २ ते ७ वर्षें. आणि एकत्र राहणारी पत्नी १८ वर्षांची झालेली असेल तर तो बलात्कारच नव्हे. हा अपवाद काढावा असें वर्मा समितीनें सुचविलें होतें; तें मानलें गेलें नाहीं. विवाहाचें पावित्र्य आम्हीही मानतों. पण ज्या पावित्र्याला पत्नीच्या नकाराचें भय वाटतें तें कसलें पावित्र्य, हें आम्हांस कळत नाहीं.

तेव्हां कायद्यानें पायऱ्या पाडाव्या कीं नाहीं, हा प्रश्न आम्ही दुय्यम मानतों. प्रत्येक पायरीजवळ थांबून विचारावें, कीं हें माप कशाचें? इजा किती, क्रौर्य किती, वय किती कोवळें, सत्तेचा दुरुपयोग किती, याचें असेल तर ती पायरी ठेवावी. ती स्त्री कोणाची आणि कशी, याचें असेल तर ती कितीही जुनी असो, काढून टाकावी. १८९० त फुलमणीच्या बाबतींत कायद्यानें पहिला प्रश्न विचारला नाहीं, दुसराच विचारला. आजच्या घरांतील प्रौढ पत्नीलाही कायदा अजून दुसराच प्रश्न विचारतो आहे.