अक्षरांचा अज्ञातवास

काटोलच्या आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने मध्यंतरी एका जुन्या लघुप्रबंधाची फाइल आमच्यापुढे उघडली. पहिल्याच ओळीत डी, के, व्ही, के, एस, वाय अशी रोमन अक्षरे एका रांगेत उभी होती. फाइल बिघडली, असे तिचे म्हणणे. परंतु मजकूर ‘कृतिदेव’ या टंकातला होता. त्यात डीच्या जागी क, केच्या जागी काना, मोठ्या व्हीच्या जागी ट, एसच्या जागी मात्रा आणि वायच्या जागी ल असतो. काना आणि मात्रा मिळून ओकार होतो. तो शब्द होता ‘काटोल’.

या टंकाची मांडणी टंकलेखन यंत्राच्या वळणाची आहे. त्यामुळे अक्षरे उच्चाराच्या क्रमाने न येता डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने येतात. ‘विदर्भ’ लिहिताना वेलांटी वच्या आधी पडते आणि रफार भच्याही नंतर. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले. तरी मराठी लेखन त्यानंतरही बराच काळ अशा टंकांत होत राहिले, आणि प्रत्येक टंकाचा संकेत वेगळा. म्हणूनच शोधयंत्रात ‘काटोल’ असे शुद्ध लिहिले तरी हा प्रबंध सापडत नाही.

अक्षरांच्या अशा रूपांतराला जपानी भाषेत ‘मोजिबाके’ असा शब्दच आहे. तेथे ‘दोजिनशी’ नावाच्या, बहुधा चाहत्यांनीच रचून छापलेल्या पुस्तिकांची मोठी परंपरा आहे. डिसेंबर १९७५ मध्ये टोकियोत त्यांचा पहिला ‘कॉमिक मार्केट’ भरला, तेव्हा त्यात ३२ मंडळे होती. अशा अल्पपरिचित कृतींची नावे चुकीच्या संकेतात उघडली, की त्यांचा माग हरवतो. यूटीएफ-८ मधील हिरागाना मजकूर शिफ्ट-जेआयएस म्हणून वाचला तर तीच दोन-तीन क्लिष्ट चिन्हे पुनःपुन्हा उमटतात. त्या खुणेवरून जाणकार मूळ नावापर्यंत पोचतो. मात्र त्यासाठी ती कृती ठाऊक असलेला कोणीतरी असावा लागतो.

मराठीला हा अनुभव नवा नाही. काटोलच्या पश्चिमेस, मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी शिष्यांकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षरासाठी दुसरे अक्षर योजणे, हे सकळ लिपीचे मुख्य तंत्र. परिणामी आद्य मराठी गद्य शतकानुशतके मठांत सुरक्षित राहिले, आणि मराठी वाचकाला मात्र अपरिचित. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. त्यानंतर यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांच्या परिश्रमांतून हे वाङ्मय अभ्यासकांच्या हाती आले. वाङ्मयेतिहासाच्या आरंभीची प्रकरणे त्यामुळे नव्याने लिहावी लागली.

दोन्ही अज्ञातवासांत एक महत्त्वाचा भेद आहे. महानुभावांनी कुलूप जाणीवपूर्वक लावले होते आणि किल्ली परंपरेने जपली होती. म्हणून सहाशे वर्षांनंतरही ते उघडता आले. आपल्या टंकांचे कुलूप कोणी हेतूने लावले नाही. त्यामुळे किल्ली जपण्याची जबाबदारीही कोणाला आपली वाटली नाही. स्मरणिका, लघुनियतकालिके, लघुप्रबंध यांच्या फाइली जुन्या तबकड्यांवर पडून आहेत, आणि त्या टंकांवर सरावाने बोटे फिरवणारे टंकलेखक एकेक करून निवृत्त होत आहेत. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत; पण त्या जोडाक्षरांत चुकतात, आणि मजकूर कोणत्या टंकातला हे आधी माणसालाच ओळखावे लागते.

त्या विद्यार्थिनीने अखेर ती फाइल युनिकोडमध्ये आणली आणि प्रत्येक जोडाक्षर ताडून पाहिले. त्यात काटोल परिसरातील स्त्रियांच्या ओव्यांचा संग्रह निघाला. संहितासंपादन हा विषय आपण वर्गात जुन्या पोथ्यांपुरता शिकवत आलो. त्याच्या अभ्यासक्रमात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या या फाइलींनाही आता जागा द्यावी लागेल, असे आम्हांस वाटते.